वृद्धांची घरच्या घरी देखभाल : इंदूरच्या निमित्ताने

होळकरांच्या काळात दक्षिणेतून येऊन इंदुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची घरे राजवाडा, रामबाग, नारायण बाग या भागांत आजही आढळतात. त्यांतील अनेक घरांतून पुढची पिढी नोकरीनिमित्त पुणे, बंगळूर अथवा परदेशी गेली असून मागे वृद्ध दांपत्य, किंवा त्यांपैकी एकच व्यक्ती राहिली आहे. महाराष्ट्रातील खेड्यांतही स्थिती फारशी निराळी नाही. 2011 च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती 10 कोटींहून अधिक होत्या व त्यांतील 7 कोटींवर ग्रामीण भागात राहत होत्या.

अशा व्यक्तीस मुलाकडे न्यावे, वृद्धाश्रमात ठेवावे, की तिच्याच घरी तिची व्यवस्था लावावी? बहुतेक वृद्धांचे उत्तर तिसरे असते, आणि ते केवळ हट्टापोटी नसते. दृष्टी अधू झाली तरी परिचित घरात हात आपोआप भिंतीवरील बटणावर जातो. भाजीवाला, दूधवाला, शेजारी ओळखीचे असतात. नव्या जागी हे सारे पुन्हा शिकावे लागते, आणि ऐंशीव्या वर्षी ते साधतेच असे नाही.

मात्र घरी राहणे सुरक्षित व्हावयाचे तर त्याची आखणी करावी लागते. ‘एक बाई ठेवली’ म्हणजे व्यवस्था झाली, हा समज चुकीचा आहे. प्रथम वृद्ध व्यक्तीसमवेत बसून तिचा चोवीस तासांचा दिनक्रम कागदावर लिहावा. मदत नेमकी कोठे लागते ते त्यावरून उमगते. बहुधा स्नान, रात्रीचे उठणे, औषधांच्या वेळा आणि बाजारहाट या चारच ठिकाणी अडचण असते. तेव्हा दिवसभराच्या मदतनिसाऐवजी सकाळ-संध्याकाळचे काही तास पुरतात. जे काम वृद्धास स्वतः करता येते, ते हळू होते म्हणून त्याच्या हातून काढून घेऊ नये. चहा करणे, केस विंचरणे, दाराशी जाऊन वर्तमानपत्र आणणे यांनीच हातापायांची शक्ती टिकते. अति सेवेने माणूस लवकर परावलंबी होतो.

यानंतर घराकडे पाहावे. जुन्या वाड्यांचे जिने अरुंद व उभे असतात. झोपण्याची जागा तळमजल्यावर आणणे हाच त्यावर उपाय. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा, खाली न घसरणारी फरशी, पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रभर मंद दिवा, वाटेतील सतरंज्या व वायरी दूर करणे, एवढ्याने पडण्याचे पुष्कळ प्रसंग टळतात. न्हाणीची कडी बाहेरून उघडता येईल अशी असावी. आत पडलेल्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी दार फोडण्याची वेळ अनेकदा येते. घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी.

मदतनीस नेमताना तिचे काम आधी ठरवावे. स्नान घालणे, भरवणे, फिरवणे ही मदतनिसाची कामे. इंजेक्शन देणे, लघवीची नळी बदलणे ही प्रशिक्षित परिचारिकेचीच. पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी, खर्चाची वही ठेवावी, बँकेचे कार्ड व त्याचा गुप्त क्रमांक कोणाच्याही हाती देऊ नये. बाई टिकत नाही अशी तक्रार सर्रास ऐकू येते. तिला बारा तासांचे काम आणि सुट्टी एकही नाही, हे मात्र कोणी सांगत नाही! साप्ताहिक सुट्टी व त्या दिवशीची बदली व्यक्ती हा व्यवस्थेचाच भाग समजला पाहिजे.

शासकीय साहाय्यही उपलब्ध आहे. 2010-11 पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने भेट देण्याची तरतूद आहे. 14567 ही ज्येष्ठांसाठीची निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठेवून महिन्यातून एकदा भेट द्यावी, असे केंद्राच्या आदर्श नियमांत पोलीस ठाण्यांना सांगितले आहे. आपल्या घराचे नाव त्या यादीत आहे की नाही याची चौकशी कुटुंबानेच करावी, हे बरे.

तथापि रोजची नजर शेजाऱ्याचीच असते. दाराशी दुधाची पिशवी नऊ वाजेपर्यंत तशीच पडलेली दिसली तर हाक मारावयाची, एवढा संकेत पुरेसा असतो. स्वच्छतेसाठी 2017 मध्ये देशात प्रथम आलेल्या इंदुरात कचऱ्याची गाडी रोज सकाळी दारोदार जाते. दारे उघडली न उघडली हे तिच्यावरील माणसांच्याही लक्षात येऊ शकते. सामान्य माणसांच्या लक्ष ठेवण्याने काय साधते, हे याच शहराच्या वेशीवर दिसले आहे. जानेवारी 2021 मध्ये महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी बेघर वृद्धांना वाहनात घालून शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ उतरवले, तेव्हा ग्रामस्थांनी हरकत घेतली व त्या वृद्धांना परत न्यावे लागले. पुढे संबंधितांवर कारवाईही झाली.

खर्च आणि मालमत्ता यांविषयी घरात बोलणे अवघड जाते, तरी ते टाळू नये. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीच्या 2007 च्या कायद्यान्वये, मुले खर्च देत नसतील तर उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लागत नाही. याच कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट न पाळल्यास परत मिळू शकते. मध्य प्रदेशातीलच छतरपूर येथील एका मातेने मुलास दिलेले घर तिला परत देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये दिला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा निकाल तिच्या विरुद्ध गेला होता, कारण देखभालीची अट बक्षीसपत्रात नव्हती. ज्यांना घर मुलांच्या नावे करावयाचे आहे त्यांनी ही अट दस्तातच, स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी.