फोनचं लॉक विसरलं? आधी थांबा, मग पुढचं करा



मागच्या सत्रात एका सकाळी परिपाठ संपला आणि आमच्या चौथीतल्या एका मुलीची आई फोन घेऊन वर्गाच्या दाराशी आली. धाकट्या भावाने गेम खेळू नये म्हणून मुलीने फोनचा पॅटर्न बदलला होता. आई रोज अंगठा लावून फोन उघडायची, त्यामुळे तिला ते कळलंच नाही. एका रात्री लाईट गेली आणि चार्जिंग संपून फोन बंद पडला. सकाळी चालू केला तर तो अंगठा घेईना, पॅटर्नच मागायला लागला. जुना पॅटर्न चालेना आणि मुलीला नवा आठवेना. बाजारातल्या दुकानदाराने "फॉरमॅट मारावा लागेल" असं सांगितलं आणि मारलाही. आता फोन जुना जीमेल मागत होता. तो जीमेल फोन घेताना दुसऱ्याच दुकानातल्या मुलाने काढून दिलेला. पासवर्ड घरात कोणालाच माहीत नाही.

"मॅडम, फोनचं जाऊ द्या, पण आमच्या आबांचे व्हिडिओ होते हो त्यात," असं म्हणून त्या गप्प झाल्या. आबा म्हणजे त्यांचे सासरे. ते चार महिन्यांपूर्वी वारले होते.

हा प्रसंग कोणत्याही घरात घडू शकतो, म्हणून हा लेख. यात लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट एकच : फोन परत मिळणं आणि फोनमधलं परत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बहुतेक वेळा जमते. दुसरी आपण आधी काय करून ठेवलंय यावर अवलंबून असते.

लॉक कुणीच का उघडू शकत नाही?

आपल्याला वाटतं, लॉक म्हणजे दाराची कडी. कडी तोडली की घरातलं सामान जसंच्या तसं. आताच्या फोनचं तसं नाही. फोनमधली माहिती गुप्त लिपीत साठवलेली असते आणि ती वाचायची किल्ली तयार व्हायला आपला पिन किंवा पॅटर्न लागतो. म्हणून दुकानदार, सर्व्हिस सेंटर, खुद्द कंपनीसुद्धा तो नंबर 'काढून' देऊ शकत नाही. ते फोन कोरा करून देतात, एवढंच.

अँड्रॉइड ४.४ आणि त्याआधीच्या फोनमध्ये 'पॅटर्न विसरलात?' असा पर्याय यायचा आणि गुगल खात्याने लॉक उघडायचं. ५.० पासून तो पर्याय गेला. घरात कोणी "मी पूर्वी असंच उघडलं होतं" म्हणत असेल तर ते खरंही असेल, पण ते आता चालत नाही.

लॉक विसरल्यावर काय करावं? हाच क्रम पाळा

१) फोन बंद करू नका, चार्जिंगला लावा. फोन चालू असेल आणि कुणाचंही बोट नोंदवलेलं असेल तर ते लावून बघा. फोन एकदा बंद होऊन चालू झाला की पहिल्यांदा पिन किंवा पॅटर्नच लागतो, बोट चालत नाही. बोटाने उघडला तरी नवा पिन टाकता येत नाही, कारण त्यासाठी जुना पिन विचारला जातो. पण उघडलेल्या वेळात फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं गुगल फोटोजवर किंवा केबलने लॅपटॉपवर काढून घ्या. हे काम उद्यावर टाकू नका. काही दिवसांनी फोन स्वतःहून पिन मागतोच.

२) भराभर अंदाज लावू नका. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ५ वेळा चुकलं की ३० सेकंद थांबावं लागतं, पुढे ही वेळ वाढत जाते. आयफोनमध्ये १० चुकांनंतर सगळं पुसून टाकण्याची सोय कुणी चालू करून ठेवलेली असू शकते. प्रत्येक प्रयत्न कागदावर लिहा, म्हणजे तोच तो परत टाकला जाणार नाही.

३) मुलाने लॉक लावलं असेल तर रागावू नका. घाबरलेल्या मुलाला काहीच आठवत नाही, हे आपण शिक्षक रोज बघतो. कागदावर नऊ ठिपके काढून द्या आणि "तू कसं बोट फिरवलं होतंस, दाखव बरं" असं म्हणा. पुष्कळदा डोक्याला आठवत नाही ते बोटाला आठवतं. नावाचं पहिलं अक्षर, घराचा आकार, जन्मतारीख असं काहीतरी मुलं ठेवतात.

४) तुमच्या फोनची खास सोय बघा. काही सॅमसंग फोन सॅमसंगच्या खात्यातून दुरून उघडता येतात, पण ती सोय आधी चालू केलेली असावी लागते. आयफोनमध्ये आयओएस १७ पासून, पासकोड बदलून ७२ तास झाले नसतील तर 'पासकोड विसरलात?' वर जाऊन जुन्या पासकोडने नवा ठेवता येतो.

५) फॉरमॅट मारण्याआधी खातं तपासा. इथेच आमच्या त्या ताईंचं चुकलं. अँड्रॉइड ५.१ पासून चोरीला आळा बसावा म्हणून अशी व्यवस्था आहे, की बटणं दाबून फोन कोरा केला तरी तो आधीचं गुगल खातं किंवा आधीचं लॉक मागतो. म्हणून आधी दुसऱ्या फोनवर जीमेल आणि पासवर्ड टाकून बघा. पासवर्ड आठवत नसेल तर 'पासवर्ड विसरलात' मधून खातं परत मिळवा. ओटीपीसाठी बंद फोनमधलं सिमकार्ड काढून साध्या फोनमध्ये घाला. पासवर्ड नवा केला असेल तर गुगल २४ तास थांबून मग फोन कोरा करायला सांगतं. आयफोनलाही असंच ॲपल खातं आणि त्याचा पासवर्ड लागतो.

६) मगच फोन कोरा करा. आधी सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा. फोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला असेल तर दुसऱ्या फोनवरून गुगलच्या 'फाइंड हब'मधून (पूर्वीचं फाइंड माय डिव्हाइस) तो पुसता येतो. नाहीतर बटणांच्या साहाय्याने. त्याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलेलं बरं. जाताना फोनचं बिल न्या.

यापासून सावध

'डेटा न जाता कोणतंही लॉक तोडा' असे व्हिडिओ आणि विकतची सॉफ्टवेअर यांच्या नादी लागू नका. इंटरनेटवर शोधून सापडलेला 'कस्टमर केअर' नंबर खोटा असू शकतो. ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आणि हो, फोन लॉक असला तरी त्यावरून ११२ ला फोन लागतो. हे मुलांना जरूर सांगा.

वर्गात घेता येईल असा पाठ

या प्रसंगानंतर मी चौथीच्या वर्गात गुणाकाराचा तास यावरच घेतला.

- चार अंकी पिनमध्ये प्रत्येक जागी ० ते ९ पैकी कोणताही अंक येऊ शकतो. मग एकूण पिन किती? १० × १० × १० × १० = १०,०००.
- सहा अंकी पिन? १०,००,०००. दोनच अंक वाढवले, पण पिन शंभरपट झाले!
- नऊ ठिपक्यांचे, निदान चार ठिपके जोडणारे पॅटर्न ३,८९,११२ होतात. हे मुलांना मोजायला लावू नका, पण वहीत ठिपके काढून पाच मिनिटांत किती वेगळे आकार जमतात ते करू द्या.

मग विचारलं, "दहा हजारांपैकी एकच बरोबर असेल तर नुसत्या अंदाजाने सापडेल का?" मुलंच म्हणाली, "नाही मॅडम, लिहूनच ठेवायला पाहिजे!"

गृहपाठ : घरच्यांसोबत फोनची तपासणी

१. फोनमध्ये कोणतं जीमेल आहे? पासवर्ड घरातल्या मोठ्या माणसाला माहीत आहे का? दुकानातून काढून दिलेलं असेल तर आजच पासवर्ड बदला.
२. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का?
३. गुगल फोटोजचा बॅकअप चालू आहे का? गुगल खात्यात १५ जीबी जागा मोफत असते, ती भरली की बॅकअप थांबतो.
४. नवे नंबर फोनमध्ये साठतात की गुगल खात्यात?
५. व्हॉट्सॲपचा बॅकअप शेवटचा कधी झाला?
६. लॉकचा नंबर पाकिटात बंद करून रेशनकार्डाजवळ ठेवला का?

सहाव्याचं कारण असं, की मेसेज, कॉलची यादी अशा काही गोष्टींचा गुगल बॅकअप परत आणताना जुन्या फोनचा पिनच मागितला जातो. मात्र कोणाचाही पिन, पासवर्ड वहीत लिहून शाळेत आणायचा नाही, शिक्षकांनाही सांगायचा नाही. मुलांनी फक्त 'हो' किंवा 'नाही' लिहून आणायचं.

शेवटी त्या फोनचं काय झालं?

ताईंचं सिम माझ्या जुन्या फोनमध्ये घालून जीमेल परत मिळवलं. दुसऱ्या दिवशी फोन चालू झाला, पण आतून कोरा. फोटोंचा बॅकअप कधी चालूच केला नव्हता. आबांचा एक व्हिडिओ तेवढा मिळाला, कारण तो त्यांनी नणंदेला व्हॉट्सॲपवर पाठवला होता.

मुलगी कोपऱ्यात रडत बसली होती. मी तिला नऊ ठिपके काढून दिले. तिने तीन आकार काढून दाखवले. त्यातला एखादा बरोबर असेलही, पण आता ते तपासायला काही उरलं नव्हतं. "तिला बोलू नका," एवढंच मी ताईंना सांगितलं. चूक तिची एकटीची नव्हती. आपण मोठ्यांनी फोन घेतला, पण त्याची किल्ली कुठे ठेवायची ते ठरवलंच नाही.

तुमच्या वर्गात हा गृहपाठ जरूर देऊन बघा. आणि त्याआधी स्वतःच्या फोनचे सहा प्रश्न सोडवा. माझे स्वतःचेच दोन 'नाही' आले होते.