आधी बिलं, मग बॉनेट

तीन-साडेतीन लाखांत जुनी वॅगन आर, आय टेन किंवा टियागो शोधणारं कुटुंब पहिला प्रश्न विचारतं तो ‘किती चाललीय?’ हा, आणि माझ्या मते निम्मी फसगत तिथेच होते. डिजिटल मीटर मागे नेणं अवघड राहिलेलं नाही. गिऱ्हाईक कमी आकड्याला भुलतं हे एजंटाला पक्कं ठाऊक असतं, म्हणून आठ-आठ वर्षांच्या गाड्याही चाळीस हजारांवरच थबकलेल्या दिसतात. मीटरवरचा आकडा हा विकणाऱ्याचा दावा. तो खरा की खोटा हे सर्व्हिसची बिलं सांगतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या बिलावर तारीख असते आणि त्या दिवशीचं किलोमीटरही. 2019 च्या बिलावर 61 हजार असलेली गाडी आज 48 हजार दाखवत असेल, तर बॉनेट उघडायचीही गरज नाही. बिलं हरवली असतील तर मालकाने सर्व्हिस सेंटरकडून जुन्या नोंदी काढून आणाव्यात. त्यालाही तो टाळाटाळ करू लागला, तर तेच उत्तर समजावं.

यावर कुणी म्हणेल, तालुक्याच्या गावात वॉरंटी संपल्यावर गाडी कंपनीत नेतो कोण? ओळखीच्या गॅरेजात कच्ची पावती मिळाली तरी पुष्कळ. खरं आहे, आणि अशी गाडी वाईटच असते असंही नाही. मग गाडीच्या अंगावरच्या खुणा वाचाव्या लागतात. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. गाडी 2017 ची, मीटर 28 हजार आणि चारही टायर 2019 चे, तर पहिले टायर इतक्या लवकर का बदलले हे विचारायलाच हवं. क्लचच्या पेडलचं गुळगुळीत झालेलं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची दबलेली कड मीटरशी जुळते का, तेही पाहावं. उलट, खरोखरच कमी चाललेली गाडी आपोआप चांगली ठरत नाही. वर्षानुवर्षं पार्किंगमध्ये उभ्या गाडीची बॅटरी, टायर आणि रबरी होस न चालताच म्हातारे होतात.

पाण्याची शंका वेगळी घ्यावी. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै 2021 मध्ये चिपळुणात आलेल्या पुरांत किती गाड्या बुडाल्या हे आपण पाहिलं. आरसीवर मात्र ‘बुडालेली’ अशी नोंद नसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ दिसते का बघावं. स्टेपनीचा खड्डा आणि सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंजही तपासावा. विम्याची जुनी पॉलिसी मागावी. तिच्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे 50 टक्के दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. पण तो एकाएकी शून्यावर आला असेल, तर त्या वर्षी काय घडलं ते विचारावं.

‘आमचा मेकॅनिक बघेल की!’ जरूर बघू दे, तेही सकाळी, इंजिन थंड असताना. पण मेकॅनिकला आजची गाडी कळते, गेली सात वर्षं नाही. मोठ्या ब्रँडच्या दुकानातली वॉरंटीही बारीक अक्षरांसकट वाचावी. क्लच, ब्रेक, टायर, बॅटरी हे झिजणारे भाग, म्हणजे नेमका जिथे खर्च येतो तेच, बहुधा तिच्याबाहेर असतात. म्हणून पूर्ण नोंदी असलेली गाडी तीस-चाळीस हजारांनी महाग असली तरी मी तीच घ्यायला सांगेन, मग मॉडेल दोन वर्षं जुनं का असेना. बजेटचा दहावा हिस्सा पहिल्या महिन्यातल्या कामांसाठी बाजूला ठेवूनच मग भाव बोलावा.

दिल्लीहून आलेल्या स्वस्त डिझेल हॅचबॅकचा मोह अनेकांना होतो. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या उतरत्या भावात बाहेर पडल्या. त्यात इथला रोड टॅक्स, एनओसी आणि नव्या नोंदणीच्या खेपा धरल्या की स्वस्ताई बरीच विरते. गाडी इथलीच असली, तरी आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नव्हे. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. ‘ट्रान्सफर नंतर बघू’ म्हणणाऱ्या एजंटाची काही रक्कम आरसीवर नाव लागेपर्यंत आपल्याकडेच ठेवावी, आणि हे व्यवहार ठरतानाच लिहून घ्यावं.