दुहेरी कुलूप : ग्रामपंचायतीचा संगणक, स्मार्टकार्ड आणि स्वाक्षरीची जबाबदारी

सप्तशृंगगडामुळे वणीचे नाव महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचले आहे. चैत्रातील यात्रेत आणि आश्विनातील नवरात्रात गडाकडे निघालेली असंख्य पावले दिंडोरी तालुक्यातील या गावावरून जातात. मोठी बाजारपेठ, भोवती द्राक्षे व टोमॅटो पिकविणारी खेडी आणि यात्रेकरूंची वर्दळ असलेल्या अशा गावात पाणीपुरवठा, गटारे, दिवाबत्ती व साफसफाई या कामांना खंड पडून चालत नाही. या कामांसाठी लागणारा पैसा खर्च करण्याची रीत मात्र गेल्या काही वर्षांत मुळापासून बदलली आहे. हा बदल वणीपुरता नाही. राज्यातील लहानमोठ्या सर्वच ग्रामपंचायतींना तो लागू आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी आहे बोटाएवढे एक उपकरण. गावोगावी ते ‘डोंगल’ या नावाने ओळखले जाते.

धनादेशाकडून डोंगलकडे

पूर्वी ग्रामनिधीतील रक्कम सरपंच व ग्रामसेवक यांच्या संयुक्त स्वाक्षरीच्या धनादेशाने काढली जाई. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाची ई-ग्रामस्वराज ही संगणकप्रणाली सुरू झाली. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे २०२०-२१ ते २०२५-२६ या काळातील अनुदानाचा खर्च सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीशी जोडून थेट पुरवठादाराच्या बँक खात्यात जमा करण्याची व्यवस्था तिच्यातून झाली. या व्यवस्थेत देयक एकाने तयार करावयाचे आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करावयाचे असते. पहिल्याला ‘मेकर’ व दुसऱ्याला ‘चेकर’ म्हणतात. ग्रामपंचायतीत पहिले काम सचिवाचे, तर दुसरे सरपंचाचे. दोघांनीही आपापल्या डोंगलने डिजिटल स्वाक्षरी केल्याखेरीज पैसा हलत नाही.

ही पद्धत महसूल खात्यालाही अपरिचित नाही. १ मे २०१८ पासून राज्यात उपलब्ध झालेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबारा उताऱ्यामागे गावपातळीवरील महसूल कर्मचाऱ्याची अशीच स्वाक्षरी असते. म्हणूनच हे साधन काय आहे, ते संगणकाशी कसे बोलते आणि त्याच्या धारकावर कोणती जबाबदारी येते, हे समजून घेणे प्रत्येक लोकप्रतिनिधीस व कर्मचाऱ्यास अगत्याचे झाले आहे.

कार्डाच्या पोटात काय असते ?

एटीएम कार्डावर किंवा मोबाइलच्या सिमवर एक सोनेरी चौकोन दिसतो. त्याच्या खाली एक सूक्ष्म संगणक बसविलेला असतो. अशा कार्डाला स्मार्टकार्ड म्हणतात. १९६० च्या दशकाअखेरीस जर्मनीत आणि १९७४ मध्ये फ्रान्समधील रोलाँ मोरेनो यांच्याकडून या कल्पनेचे एकस्व मागण्यात आले. पुढे १९८३ पासून फ्रान्समध्ये सार्वजनिक दूरध्वनीसाठी ही कार्डे वापरात आली.

साध्या चुंबकीय पट्टीच्या कार्डात माहिती केवळ साठविलेली असते आणि ती कोणासही वाचून नक्कल करता येते. स्मार्टकार्डाचे तसे नाही. ते स्वतः आकडेमोड करते, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते आणि आपले गुपित मात्र बाहेर काढत नाही. त्याची खरी महती येथेच आहे.

या कार्डात वीजघट नसतो. त्याला वीज, कालगणनेचे स्पंदन आणि निरोपांची वाट पुरविणारे यंत्र लागते. ते यंत्र म्हणजे कार्ड रीडर. सोनेरी चौकोनावरील संपर्कबिंदूंची जागा व त्यांचे काम आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिलेले असल्याने एका कारखान्याचे कार्ड दुसऱ्या कारखान्याच्या रीडरमध्ये चालू शकते. पंचायतीतील डोंगल म्हणजे हे दोन्ही एकत्र होत. एकाच आवरणात स्मार्टकार्डाचा सूक्ष्म संगणक आणि त्याचा रीडर बसवून पुढे यूएसबीचे टोक दिलेले असते. दिसायला ते माहिती साठविण्याच्या पेनड्राइव्हसारखे असले, तरी दोहोंच्या कामात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

संगणकाशी संवाद

डोंगल संगणकाला जोडताच त्याला वीज मिळते आणि ते आपली ओळख सांगणारा एक छोटा निरोप पाठविते. त्यानंतरचा सारा व्यवहार आज्ञा आणि उत्तर असा चालतो. संगणक आज्ञा देतो, कार्ड तिचे उत्तर देते. कार्ड आपण होऊन काही बोलत नाही. निरनिराळे रीडर व निरनिराळे संगणक यांचा मेळ बसावा म्हणून १९९६ मध्ये पीसी/एससी नावाचे समान नियम आखण्यात आले. त्यामुळे आजच्या बहुतेक संगणकांना रीडर ओळखण्यासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही.

तरीही तीन थरांचा मेळ जमावा लागतो. पहिला थर रीडर ओळखणाऱ्या ड्रायव्हरचा. दुसरा थर डोंगलच्या उत्पादकाने दिलेल्या आज्ञावलीचा. तिच्यामुळे डोंगलमधील प्रमाणपत्र संगणकाला दिसते. तिसरा थर संकेतस्थळ व डोंगल यांच्यात दुवा साधणाऱ्या छोट्या सहायक आज्ञावलीचा. कारण संकेतस्थळाला डोंगलपर्यंत थेट पोहोचता येत नाही. ‘डोंगल चालत नाही’ ही तक्रार आली की दोष बहुधा डोंगलमध्ये नसून या तीनपैकी एखाद्या थरात असतो.

स्वाक्षरी कशी उमटते ?

डिजिटल स्वाक्षरी म्हणजे कागदावरील सहीचे छायाचित्र नव्हे. प्रत्येक धारकासाठी गणिताने परस्परांशी जोडलेल्या दोन किल्ल्या तयार होतात. त्यांपैकी खासगी किल्ली डोंगलमध्येच जन्मते आणि तेथून बाहेर येत नाही. सार्वजनिक किल्ली धारकाच्या नावासह प्रमाणपत्रात नोंदविली जाते. हे प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाचा परवाना असलेली संस्था देते.

स्वाक्षरीच्या वेळी संगणक संपूर्ण देयकाचा एक ठरावीक लांबीचा गणिती ठसा काढतो. देयकातील एक आकडा बदलला तरी हा ठसा पार बदलतो. धारकाने पिन दिल्यावर तो ठसा डोंगलमध्ये जातो, खासगी किल्लीने त्यावर प्रक्रिया होते आणि तयार झालेली स्वाक्षरी बाहेर येते. सार्वजनिक किल्लीच्या साहाय्याने ती कोणालाही पडताळता येते.

शिवकाळातील राजपत्रांत आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब असे. मोर्तबानंतर कोणी पुढे मजकूर घुसडू नये, असा त्यामागे हेतू असे. डिजिटल स्वाक्षरीत हीच दोन्ही कामे साधतात. दस्तऐवज कोणाच्या किल्लीने प्रमाणित झाला हे कळते आणि त्यात नंतर फेरफार झाला असेल तर तो उघडा पडतो.

वापरताना घ्यावयाची काळजी

डोंगल मिळाल्यावर पहिले काम म्हणजे सोबत आलेला मूळ पिन बदलणे. हा पिन बहुधा सर्वांना सारखाच व म्हणून सर्वांना ठाऊक असतो. नवा पिन जन्मवर्ष किंवा मोबाइल क्रमांकाचे शेवटचे आकडे असा नसावा आणि तो डोंगलच्या डबीवर लिहू नये. चुकीचा पिन ठरावीक वेळा दिला गेला की डोंगल स्वतःला कुलूप लावून घेते. अशा वेळी घाईने ‘इनिशियलाइज’ हा पर्याय निवडल्यास आतील किल्ली व प्रमाणपत्र कायमचे पुसले जाते आणि नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणून दोनदा पिन चुकताच थांबून माहीतगाराचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

प्रमाणपत्राला मुदत असते. आर्थिक वर्षाच्या अखेरीस देयकांची गर्दी झालेली असताना मुदत संपल्याचे लक्षात आले तर कामे अडतात, पुरवठादार खेटे घालतात आणि दोष पंचायतीवर येतो. मुदतीची तारीख कार्यालयातील फलकावर लिहून ठेवण्यास काहीच खर्च येत नाही. स्वाक्षरीचे काम संपताच डोंगल काढून घ्यावे. संगणकाला जोडलेले डोंगल म्हणजे दाराला लावून ठेवलेली किल्ली होय.

यंत्राला काय कळत नाही ?

येथवर वर्णन केलेली व्यवस्था गणिताच्या दृष्टीने भक्कम आहे. परंतु तिला एक मर्यादा आहे आणि ती ध्यानात न घेतल्यास सारी भक्कमता वाया जाते. कार्ड रीडरला समोर बसलेली व्यक्ती दिसत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात : डोंगल जोडलेले आहे आणि पिन बरोबर आहे. पिन कोणाच्या बोटांनी दाबला, हे त्याला कळत नाही.

कोषागारातील भक्कम खोलीला दुहेरी कुलूप असते आणि त्याच्या किल्ल्या दोन वेगळ्या व्यक्तींकडे असतात. एकट्याला ती खोली उघडता येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. मेकर आणि चेकर ही रचना याच तत्त्वावर उभी आहे. दोन्ही डोंगल एकाच टेबलाच्या खणात, दोन्ही पिन एकाच वहीत आणि काम करणारा माणूसही एकच, अशी स्थिती झाली तर कुलपे दोन दिसतात, पण किल्ली एकच उरते.

हे बहुधा कोणी दुष्ट हेतूने करीत नाही. सरपंच शेतात असतात, कार्यालय दूर असते, देयक तातडीचे असते. ‘ताई, डोंगल इथेच राहू द्या, पुन्हा कशाला खेप घालता’ असे सांगणाऱ्याच्या मनात आदरही असू शकतो. महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा २०११ पासून महिलांसाठी राखीव आहेत. त्यांतून निवडून आलेल्या सरपंच भगिनींचे डोंगल घरातील अन्य व्यक्तीच्या किंवा संगणकचालकाच्या ताब्यात राहिले, तर कायद्याने दिलेला अधिकार त्या डोंगलबरोबरच त्यांच्या हातून जातो. उरते ती केवळ जबाबदारी.

कायदा काय सांगतो ?

ही जबाबदारी लहानसहान नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी दक्षता घेणे हे प्रमाणपत्रधारकाचे कर्तव्य आहे. किल्ली असुरक्षित झाल्यास त्याने प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेस विनाविलंब कळवावयाचे आहे आणि तसे कळवीपर्यंत दायित्व त्याच्याकडेच राहते. याच अधिनियमाच्या कलम ६६क नंतरच्या ६६ग या, इंग्रजी पाठात ६६सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलमानुसार, दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी वा पासवर्ड कपटाने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘सही मी केली नाही, डोंगल कार्यालयातच होते’ हा बचाव त्यामुळे दुबळा ठरतो. कागदावरील सही खोटी असेल तर हस्ताक्षरतज्ज्ञ ते सांगू शकतो. डोंगलने झालेली सही गणिताच्या कसोटीवर खरीच असते.

आणखी एक मुद्दा कार्यभार हस्तांतरणाचा. दप्तर, शिक्के व धनादेश पुस्तिका नव्या पदाधिकाऱ्याकडे सोपविण्याची जुनी प्रथा आहे. डोंगल मात्र या यादीत बसत नाही, कारण त्यातील प्रमाणपत्र पदाचे नसून व्यक्तीच्या नावाचे असते. सरपंच बदलले किंवा सचिवाची बदली झाली, की जुन्या धारकाची प्रणालीतील नोंद बंद करून घ्यावी आणि नव्या धारकाने स्वतःचे प्रमाणपत्र घेऊन ते नोंदवावे.

मासिक सभेतील पाच मिनिटे

यासाठी वेगळ्या निधीची किंवा मोठ्या प्रशिक्षणाची गरज नाही. पंचायतीच्या मासिक सभेत पाच मिनिटे राखून चार प्रश्न विचारले तरी पुरे. दोन्ही डोंगल आज कोणाजवळ आहेत ? मूळ पिन बदलले आहेत काय ? प्रमाणपत्रांची मुदत कधी संपते ? आणि गेल्या महिन्यातील प्रत्येक देयक सरपंचांनी संगणकाच्या पडद्यावर स्वतः वाचून मगच स्वाक्षरी केली काय ? सदस्यांनी हे प्रश्न विचारणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखविणे नव्हे. धनादेशावर सही करण्यापूर्वी रक्कम वाचणे जितके स्वाभाविक, तितकेच हेही आहे.

यात्रेच्या दिवसांत वणीसारख्या गावातील नळाला पाणी येते, रस्त्यावरचा दिवा लागतो, तेव्हा त्यामागे कोठे तरी एक देयक मंजूर झालेले असते. त्यावरची सही ज्याच्या नावाची, त्याच्याच हातची असावी, एवढीच ग्रामस्थांची अपेक्षा असते. ती पुरी करण्यासाठी सरपंचांनी घरी परतताना डोंगल आपल्या पिशवीत असल्याची खात्री करावी आणि पिन आपल्या मनातच ठेवावा.