चित्र दिसलं म्हणजे नेटवर्क झालं, असं नव्हे

केबल टीव्हीच्या हेडएंडवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हे : सुरुवातीच्या पाच मिनिटांत सगळी चॅनल्स दिसली, एवढ्यावर कामाच्या कागदावर सही करू नका.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी नवं हेडएंड तपासायला मला बोलावलं होतं. डिशवरून उतरणारी चॅनल्स, दुसऱ्या शहरातून फायबरने येणारी चॅनल्स आणि गावातल्या दोन स्टुडिओंची स्थानिक चॅनल्स असे सगळे स्रोत आयपीवर एकत्र आणून केबलवर सोडायचे होते. चालू केलं की चित्र स्वच्छ यायचं आणि चारेक मिनिटांनी गोठायचं. पुढच्या क्वॅमचं कार्ड रीस्टार्ट केलं की पुन्हा यायचं, पुन्हा तेवढ्याच वेळाने जायचं. साहजिकच संशय कार्डावर गेला. पुरवठादार एकामागून एक कार्डं बदलत राहिला. कार्डांत काहीच खोट नव्हती.

स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू होतं, पण क्वेरिअर कुठेच नव्हता. मल्टिकास्टमध्ये ज्या पोर्टने चॅनल मागितलं त्यालाच ते द्यायचं, हे स्विच स्नूपिंगवरून ठरवतो. पण एकदा केलेली मागणी कायमची नसते. क्वेरिअर सर्वसाधारणपणे दर १२५ सेकंदांनी हजेरी घेतो आणि ज्याला चॅनल हवं तो ‘हजर’ म्हणतो. दोन हजेऱ्या आणि वर १० सेकंद, म्हणजे २६० सेकंदांत उत्तर आलं नाही की नाव कटतं. एरवी हे काम राउटर करतो. इथे स्रोत आणि क्वॅम एकाच व्हीलॅनमध्ये असल्यामुळे मध्ये राउटरच नव्हता. कार्ड सुरू होताना एकदा मागणी करायचं, पुढे त्याला कोणी विचारायचंच नाही. स्विचवर क्वेरिअर चालू केला आणि चित्र गोठायचं थांबलं.

म्हणून आराखडा काढतानाच प्रत्येक व्हीलॅनचा क्वेरिअर ठरवा, आणि एक नव्हे, दोन ठेवा. ज्याचा आयपी पत्ता लहान, तो हजेरी घेतो. तो पडला की दुसरा पुढे येतो. पहिला मुद्दाम बंद करून दुसरा खरोखर पुढे येतो का, ते डोळ्यांनी पाहा.

दुसरी गोष्ट पत्त्यांची. त्याच गावी दोन्ही स्टुडिओंकडे एकाच कंपनीचे एन्कोडर होते आणि दोघांवर कारखान्यातून आलेला तोच मल्टिकास्ट पत्ता. एक चॅनल बंद असेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. गणपती विसर्जनाला दोन्ही थेट प्रक्षेपणासाठी एकदम सुरू झाली आणि दोघांचीही चित्रं चौकोनाचौकोनांत फुटली, कारण एकाच पत्त्यावर दोन प्रवाह मिसळत होते. राखीव एन्कोडर मुख्याच्याच पत्त्यावर चालू ठेवला, तरी हेच होतं. खासगी वापरासाठी २३९ ने सुरू होणारे पत्ते आहेत. त्यांची एक वही करा आणि वहीत नोंद नसलेला एन्कोडर जोडूच नका. वही भरताना एक खाचखळगा सांभाळा : ३२ मल्टिकास्ट आयपी पत्त्यांना मिळून एकच मॅक पत्ता असतो. २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ कागदावर वेगळे, पण मॅक पाहून वाटप करणाऱ्या स्विचला एकच. सगळी उपकरणं आयजीएमपीची तिसरी आवृत्ती मानत असतील, तर २३२ चे पत्ते घ्या. त्यात कोणाकडून चॅनल हवं, हेही सांगता येतं.

तिसरा हिशेब बँडविड्थचा. समजा, २.५ एमबीपीएसची २०० एसडी चॅनल्स आणि ८ एमबीपीएसची ६० एचडी चॅनल्स आहेत. बेरीज ९८०. एक गिगाबिटच्या लिंकमध्ये बसेल असं वाटतं, पण बसत नाही. १८८ बाइटची सात पाकिटं मिळून १३१६ बाइट होतात. त्यांच्यावर यूडीपी, आयपी आणि इथरनेटचे मिळून ६६ बाइट चढतात. म्हणजे पाच टक्के वाढ, आणि ९८० चे १०२९ होतात. यूडीपीत हरवलेलं पाकीट परत मागता येत नाही. एक गेलं की व्हिडिओची सात जातात आणि ते घरोघरी दिसतं. म्हणून १० गिगाबिटची लिंक घ्या आणि तीही काठोकाठ भरू नका.

स्रोत राउटरपलीकडे असेल, तर एन्कोडरचा टीटीएल आधी बघा. तो १ असेल तर पहिल्याच राउटरवर चॅनल संपतं. व्हिडिओच्या पोर्टवर मल्टिकास्टचं स्टॉर्म कंट्रोल चालू नाही ना, हेही पाहा. ते व्हिडिओलाच वादळ समजून कापतं.

शेवटी, मोजमाप. स्रोत जिथे नेटवर्कमध्ये शिरतो तिथे आणि क्वॅमच्या अलीकडे, अशा दोन ठिकाणी कंटिन्युइटी एरर मोजायची सोय ठेवा. पहिल्या ठिकाणी आकडा शून्य आणि दुसऱ्या ठिकाणी वाढता असेल, तर दोष नेटवर्कचा; दोन्हीकडे वाढत असेल, तर स्रोताचा. एवढी सोय त्या गावी असती, तर एकही कार्ड बदलावं लागलं नसतं.

काम ताब्यात घेण्याआधी सगळी चॅनल्स एक पूर्ण रात्र चालवा, एक केबल काढा, एक स्विच बंद करा. तरीही चित्र टिकलं, तरच सही करा.