संगणकाचा पंखा जोरात फिरवावा का?

आपल्या आदिलाबादला एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, हे तुम्हाला सांगायला नको. अशाच एका एप्रिलमध्ये आपल्या संगणक कक्षातील दोन संगणक सकाळी चांगले चालायचे आणि अकरा वाजले की आपोआप बंद पडायचे. मुले म्हणाली, व्हायरस आला. काही पालक म्हणाले, जुने झाले, नवे घ्या. विश्वस्त मंडळी खर्चाच्या विचारात पडली. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, आतला पंखाच जोरात फिरवता येणार नाही का?”

प्रश्न चांगला होता. संगणकाचा प्रोसेसर साधारण ६५ वॅट वीज वापरतो असे धरा. ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता एका छोट्याशा चकतीत! ही उष्णता बाहेर काढायला प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा हीटसिंक बसवतात आणि त्यावर पंखा. पण पंखा हवा गार करत नाही, तो खोलीतलीच हवा पट्ट्यांतून ढकलतो. समजा, खोलीत २५ अंश असताना प्रोसेसर ६५ अंशांवर आहे. फरक ४० अंशांचा. तेच काम, तोच पंखा, पण खोलीत ४४ अंश असतील तर प्रोसेसर ८४ अंशांच्या घरात जाणार. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आले की स्वतःच मंदावतात, आणि तरीही ताप वाढला तर संगणक बंद होतो.

पंख्याचा वेग वाढवता येतो. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबली की बायोस उघडते, तिथे पंख्याचा वेग ठरवता येतो. तीन तारांच्या पंख्याला जास्त व्होल्टेज देऊन (कमाल १२ व्होल्ट) वेग वाढवतात. चार तारांच्या पंख्याला चौथ्या तारेतून वेगाचा संदेश जातो. मात्र वेग दुप्पट केला की वारा साधारण दुप्पट होतो, पण पंख्याला वीज सुमारे आठपट लागते. आवाजाचे तर विचारूच नका.

आम्ही बायोस उघडून पाहिले, तर पंखा आधीच पूर्ण वेगात फिरत होता! मग झाकण काढले. पट्ट्यांच्या फटींत धूळ आणि कापसाचे तंतू मिळून नमद्यासारखा थर बसला होता. कापसाच्या हंगामात गाड्या रस्त्याने जातात, तेव्हा उडणारा कापूस आपण अंगावरून झटकतो. संगणकाला कोण झटकणार?

वीज बंद करून, वायर काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून (नाहीतर वाऱ्याने ते भलत्याच वेगाने फिरते) ब्लोअरने तो थर काढला. खालची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली. त्यानंतर पंखा हळू फिरू लागला, आणि संगणक दुपारीही चालू राहिले. खर्च आला तो पेस्टच्या एका नळीचा. हे काम मुलांनी मोठ्यांना सोबत घेऊनच करावे. कापसाचा हंगाम संपला, की उन्हाळ्याआधी एकदा.

आता एक गणित. पंखा एका फेऱ्यात दोन स्पंदने पाठवतो. सेकंदाला ८० स्पंदने आली, तर मिनिटाला फेरे किती? उत्तर वहीत लिहून आणा.