राज्याची मुभा, संघराज्याचा दंड : अमेरिकेतील गांजाविषयक कायदे आणि व्हिसाधारक

अमेरिकेत गांजासंबंधी दोन कायदे एकाच भूमीवर एकाच वेळी लागू असतात, आणि शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तेथे गेलेला परदेशी नागरिक जेव्हा त्यांपैकी केवळ राज्याचा कायदा वाचून निश्चिंत होतो, तेव्हा त्याच्या अडचणींना सुरुवात होते. कॅलिफोर्नियाने १९९६ साली मतदारांच्या कौलाने गांजाच्या वैद्यकीय वापरास मान्यता दिली, कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ साली २१ वर्षे पूर्ण केलेल्या प्रौढांना औषधाचे निमित्त नसतानाही तो बाळगण्याची मुभा दिली, आणि २०२३ च्या अखेरीस अशी मुभा देणाऱ्या राज्यांची संख्या २४ झाली. तथापि संघराज्याच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, १९७० सालच्या नियंत्रित पदार्थ कायद्याने गांजाला सर्वांत कडक अशा पहिल्या अनुसूचीत घातले, आणि राज्यांनी दिलेल्या परवानग्यांमुळे हा कायदा निष्प्रभ होत नाही. राज्याच्या अनुमतीने, स्वतःच्या औषधासाठी, घरच्या घरी लावलेल्या रोपांवरही तो चालतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला. या कायद्यानुसार स्वतःच्या सेवनापुरता गांजा पहिल्यांदा बाळगल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि किमान १,००० डॉलर दंड होऊ शकतो.

राज्याराज्यांतील शिक्षांमध्येही मोठी तफावत आहे. कॅलिफोर्नियात प्रौढ व्यक्तीला २८.५ ग्रॅम गांजा आणि ८ ग्रॅम अर्क, म्हणजे गांजातील मादक द्रव्य वेगळे काढून केलेला दाट पदार्थ, बाळगता येतो. न्यूयॉर्कमध्ये २०२१ च्या कायद्याने हीच मर्यादा ३ औंस, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम, इतकी ठेवली आहे. टेक्सासमध्ये मात्र २ औंसांपर्यंतच्या गांजासाठीही १८० दिवसांपर्यंत कैद आणि २,००० डॉलरपर्यंत दंड आहे, आणि अर्काच्या बाबतीत तर एक ग्रॅमहून कमी माल सापडला तरी तो फेलनी, म्हणजे गंभीर वर्गातील गुन्हा, ठरून १८० दिवस ते दोन वर्षे कैद होऊ शकते. व्हेप पेनमधील तेल या वर्गात मोडते, आणि गांजाचा अर्क घातलेल्या गोळ्या किंवा केक यांच्याबाबतीत त्यात मिसळलेल्या साखर-मैद्यासह सगळे वजन मोजले जात असल्याने किरकोळ वाटणारी वस्तू मोठ्या शिक्षेच्या कक्षेत जाते. आयडाहो राज्याची स्थिती विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण वॉशिंग्टन, ऑरेगॉन, नेवाडा आणि मॉन्टाना या मुभा देणाऱ्या राज्यांच्या सीमा त्याला लागून असूनही तेथे ३ औंसांपर्यंतच्या गांजासाठी एक वर्षापर्यंत आणि त्याहून अधिकासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून ऑरेगॉनमध्ये रीतसर पावतीनिशी घेतलेले पुडके गाडीत ठेवून सीमा ओलांडणारा प्रवासी त्या क्षणी आयडाहोच्या आणि संघराज्याच्या अशा दोन्ही कायद्यांखाली गुन्हेगार ठरतो.

नागरिकाला भोगावी लागणारी शिक्षा दंड वा कैद भोगल्यावर बव्हंशी संपते, परंतु व्हिसाधारकाची खरी शिक्षा तेथून पुढे सुरू होते, कारण देशात प्रवेश, वास्तव्य आणि नागरिकत्व हे विषय सर्वस्वी संघराज्याच्या अखत्यारीतील आहेत. देशात रीतसर प्रवेश केलेल्या व्यक्तीवर ३० ग्रॅम किंवा त्याहून कमी गांजा स्वतःसाठी बाळगल्याची एकच दोषसिद्धी असेल, तर तिला हद्दपारीतून सूट आहे. परंतु प्रवेशाच्या अपात्रतेला ही सूट लागू नसल्याने तीच व्यक्ती घरच्या लग्नकार्यासाठी मायदेशी येऊन परत निघाली, की व्हिसा कचेरीत किंवा विमानतळावर अडवली जाऊ शकते. शिवाय अपात्र ठरण्यासाठी दोषसिद्धीची गरजही नसते. गुन्ह्याचे घटक अधिकाऱ्यासमोर स्वतःच्या तोंडाने कबूल केले तरी ते पुरेसे ठरू शकते. १९९६ पासून दोषसिद्धीची व्याख्याही इतकी व्यापक आहे, की गुन्हा कबूल करून काही काळ देखरेखीखाली राहिल्यावर राज्याच्या न्यायालयाने नोंद पुसून टाकली, तरी व्हिसाच्या दृष्टीने ती सामान्यतः कायम राहते.

न्यायालयांच्या अभिलेखात असलेले दोन प्रसंग या बाबतीत कोणत्याही उपदेशाहून अधिक शिकवून जातात. होजे पाडिया हे चाळीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत कायम वास्तव्य असलेले आणि व्हिएतनाम युद्धात त्या देशाच्या सैन्यात सेवा केलेले ट्रकचालक केंटकी राज्यात गांजाच्या वाहतुकीबद्दल पकडले गेले, आणि इतकी वर्षे येथे काढल्यामुळे वास्तव्याची चिंता नको, या वकिलाच्या सल्ल्यावर विसंबून त्यांनी गुन्हा कबूल केला, तेव्हा हद्दपारी जवळपास अटळ झाली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की हद्दपारीच्या धोक्याची कल्पना अशिलाला देणे हे वकिलाचे घटनात्मक कर्तव्य आहे. एड्रियन मॉन्क्रीफ हे वयाच्या तिसऱ्या वर्षी जमैकाहून आलेले. २००७ साली जॉर्जियात रस्त्यावरील तपासणीत त्यांच्या गाडीत १.३ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन-तीन सिगारेटींपुरता, गांजा सापडला, आणि विक्रीच्या हेतूने तो बाळगल्याचा आरोप त्यांनी मान्य केल्याने सरकारने त्यांना अतिगंभीर गुन्हेगार ठरवून हद्दपारीचा आदेश मिळवला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे वर्गीकरण चुकीचे ठरवले, तरीही तोवर इतक्या अल्प मालापायी सरकारशी वर्षानुवर्षे झगडणे त्यांच्या वाट्याला आले होते.

या अनुभवांतून महाराष्ट्रातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तेथे जाणाऱ्या तरुणांसाठी काही पथ्ये स्पष्टपणे निघतात. नागरिकत्व मिळेपर्यंत गांजा कोणत्याही रूपात, कोणत्याही राज्यात, विकतही घेऊ नये आणि दुसऱ्याचा म्हणून स्वतःच्या खोलीत वा गाडीतही ठेवू देऊ नये; राज्याने दिलेले वैद्यकीय कार्डही व्हिसाच्या बाबतीत संरक्षण देत नाही, उलट वापराचा पुरावा ठरू शकते. योसेमिटी किंवा ग्रँड कॅन्यनसारखी राष्ट्रीय उद्याने आणि संघराज्याच्या मालकीची अन्य भूमी येथे राज्याची मुभा चालत नाही, तर केंद्राचा निधी घेणारी विद्यापीठे आपल्या आवारात गांजाला बंदी घालतात आणि तेथून नाव कमी झाल्यास एफ-१ हा विद्यार्थी व्हिसाचा दर्जाही जातो. परवानाधारक गांजा-दुकानांत किंवा त्यांच्या कंपन्यांत केलेली नोकरीदेखील नागरिकत्वासाठी आवश्यक असलेल्या सच्चारित्र्याच्या अटीला बाधक ठरू शकते, असे तेथील नागरिकत्व विभागाने २०१९ साली जाहीर केले आहे. अधिकाऱ्यासमोर खोटे बोलणे हा स्वतंत्र आणि कायमच्या बंदीपर्यंत नेणारा दोष आहे. म्हणून गांजाविषयीच्या प्रश्नांना उत्तर देण्याआधी वकिलाची मागणी करावी, अटक झाल्यास भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवण्याचा हक्क वापरावा, आणि फौजदारी वकिलाबरोबरच व्हिसाविषयक वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय कितीही सौम्य वाटणारा आरोप मान्य करू नये.

मायदेशी परततानाही ही खबरदारी सुटता कामा नये, कारण भारतात १९८५ चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अंमली व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांसंबंधीचा कायदा, लागू असून त्याखाली एक किलोपर्यंतचा गांजा बाळगल्यासही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, आणि तो परदेशातून देशात आणणे हा वेगळा गुन्हा आहे. मुलामुलींना परदेशी पाठवणाऱ्या पालकांनी शैक्षणिक कर्ज, वसतिगृह आणि विमा यांच्या चौकशीइतक्याच गांभीर्याने मुले निघण्यापूर्वी या विषयावर घरात बोलावे, आणि व्हिसावर राहणाऱ्या प्रत्येकाने हे पक्के ध्यानात ठेवावे, की राज्याचा कायदा त्याला तुरुंगापासून वाचवू शकेल, हद्दपारीपासून नाही.