चित्रावरून युद्धनौका ओळखणे : इतिहासाचा एक निरीक्षणपाठ

आरमाराचा पाठ बहुधा नावे व सनावळी यांवरच संपतो. विद्यार्थी ‘गलबत’, ‘गुराब’ हे शब्द पाठ म्हणतात. परंतु दोन चित्रे पुढे ठेवली असता कोणते कोणाचे, हे त्यांस सांगता येत नाही. चित्राखाली जे नाव छापले असेल ते खरे मानण्याची सवय त्यांस लागते. ही सवय मोडावी, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

प्रस्तावना : कळव्यासमोर, खाडीपलीकडे ठाण्याचा किल्ला आहे. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतला. आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली व लवकरच तेथे लढाऊ नौका बांधल्या जाऊ लागल्या. आपल्या खाडीत भरती-ओहोटीच्या वेळी होडी कशी चालते, हे विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावे. आगरी-कोळी वस्तीतील मुले याबाबतीत वर्गास पुष्कळ शिकवू शकतील.

साहित्य : चार चित्रे. प्रत्येकाखालील नाव कागदाच्या पट्टीने झाकावे.

पहिले चित्र, गलबत : दोन डोलकाठ्या, त्यांतील मुख्य काठीवर मोठे त्रिकोणी शीड आणि दोन्ही बाजूंस वल्ह्यांच्या रांगा. हे सहसा सत्तर टनांच्या आतले असे व त्यास चाळीस-पन्नास वल्ही असत. ‘वारा पडला तर ही नौका थांबेल काय?’ हा प्रश्न विचारावा. उथळ पाण्यात व निवाऱ्यातही ती चालेल, हे उत्तर मुलांनी वल्ह्यांवरून काढावे.

दुसरे चित्र, गुराब : दोन किंवा तीन डोलकाठ्या, नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, लांब, निमुळती व पुढे आलेली, तिच्यावरून समोर रोखलेल्या दोन मोठ्या तोफा. पुढे पळणाऱ्या शत्रूवर मारा करण्यास ही रचना सोयीची होती. वारा नसता गलबते गुराबास ओढून नेत. मात्र गुराब दिसले म्हणजे ते मराठ्यांचेच, असे समजू नये. १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत मराठ्यांनी इंग्रजांची ‘डव्ह’ ही नौका पकडली, तीही गुराबच होती. प्रकार रचनेवरून कळतो. मालक निशाणावरून शोधावा.

तिसरे चित्र, ‘ट्रिंकोमाली’ : तीन उंच डोलकाठ्या, आडव्या काठ्यांवर चौकोनी शिडे, बाजूस तोफांच्या खिडक्यांची ओळ. अशी नौका शत्रूकडे बाजू वळवून लढते व तिला खोल पाणी लागते. इंग्रजांची नौका विलायतेत बांधली असेल, असे मुले म्हणतील. वस्तुतः ही १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधली गेली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे.

चौथे चित्र, ‘विक्रांत’ : सपाट धावपट्टी व एका कडेस मनोरा असल्याने ही विमानवाहू नौका, हे मुले चटकन ओळखतील. येथे एक फसवी खूण आहे. १९६१ मध्ये नौदलात आलेल्या व १९७१ च्या युद्धात लढलेल्या विक्रांतचा क्रमांक ‘आर ११’ होता. २०२२ मध्ये आलेल्या नव्या विक्रांतचाही तोच आहे. नवीच्या धावपट्टीचे पुढचे टोक वर उचललेले आहे, तर १९७१ च्या चित्रात ते सपाट दिसते. परंतु पुढे जुन्या नौकेवरही तसा चढ बसविण्यात आला होता. म्हणून एका खुणेवर निर्णय देऊ नये.

संकलन : फलकावर चार प्रश्न लिहावेत. नौका कशाच्या बळावर चालते? तोफा कोणत्या दिशेस आहेत? तिला पाणी किती खोल लागेल? चित्र केव्हा काढले? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा होय. १७५६ मध्ये विजयदुर्गावरील इंग्रजांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. त्या प्रसंगाचे डॉमिनिक सेरेस याचे प्रसिद्ध चित्र १७७१ मधील, म्हणजे पंधरा वर्षांनंतरचे आहे. चित्र हा पुरावा खरा, पण त्याचीही साक्ष तपासून घ्यावी लागते.

उपयोजन : प्रत्येक विद्यार्थ्याने खाडीतील किंवा तळ्यातील एक होडी पाहून तिचे रेखाटन करावे व तिचा आकार तसा का, हे तीन वाक्यांत लिहावे. खाडी वा तळे दूर असल्यास बैलगाडी घेण्यास हरकत नाही. निरीक्षणाची रीत तीच.

मूल्यमापन : नुसत्या नावास एक गुण व कारणास तीन गुण द्यावेत. नाव चुकले, पण कारण चित्रातील खुणांशी जुळते, अशा उत्तराचे तीन गुण कापू नयेत. ते उत्तर वर्गापुढे मोठ्याने वाचावे आणि कोणती खूण पाहावयाची राहिली, ते मुलांनाच शोधू द्यावे.